आबांच्या नावाखाली आईचं अक्षर

माझ्या आई-वडिलांची १९७१ च्या लढाईतली पत्रं वाचून, लावून, स्कॅन करून टाइप करायचं काम मी गेले काही महिने करतेय, अजून सगळं संपलेलं नाही पण लढाईच्या काळातला भाग पूर्ण झालाय म्हणून लिहायला बसले. आमच्यासारख्या फौजी घरांमधे अशी पत्रं भरपूर असतात, ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फळीवर, आणि घर पाडून नवीन बांधायचं ठरलं की ती रद्दीत जातात. माझ्या अनुभवातून एक गोष्ट मला फार ठामपणे कळली आहे, ती म्हणजे दोन्ही बाजूंची पत्रं एकत्र ठेवून वाचली नाहीत तर हातात काहीच लागत नाही. एकट्या फौजीची पत्रं वाचाल तर वाटेल खुशाली, हवापाणी आणि मनीऑर्डर यापलीकडे काही नाहीच.

आधी परिस्थिती सांगते. गाव माणदेशातलं, सातारा जिल्हा. या जिल्ह्यात फौज म्हणजे शेतीइतकाच जुना धंदा, अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच लोक मिलिटरी लावतात. आमचे अण्णा (माझे वडील) बेळगावच्या मराठा सेंटरला भरती होऊन मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला गेले, जिला जंगी पलटण म्हणतात. १९७१ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा आईशी सुपारी फुटली, लग्न दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की धरायचं असं ठरलं आणि ते परत गेले. मग सुट्ट्या बंद झाल्या, पलटण पूर्वेकडे गेली, आणि लग्न कधी ते कोणालाच सांगता येईना. म्हणजे ही पत्रं नवराबायकोची नाहीत. सुपारी फुटलेल्या पण लग्न न झालेल्या दोघांची आहेत, आणि त्या काळात आमच्याकडे अशा मुलीने होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिणं ही गोष्टच अस्तित्वात नव्हती.

मग पत्रं झाली कशी? तर आईचे वडील, आमचे आबा, यांना लिहितावाचता येत नव्हतं. आई रयतच्या शाळेत नववीपर्यंत शिकलेली, घरातलं सगळं लिखापढीचं काम तिच्याकडे. सोसायटीचा कागद असो की मुंबईला गिरणीत असलेल्या मामाचं पत्र, वाचून दाखवायची तीच आणि उत्तर लिहायची तीच. अण्णा पत्र पाठवायचे होणाऱ्या सासऱ्याला, 'तीर्थरूप आबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार' अशा थाटात. आबा ओसरीवर बसून ऐकायचे, शेजारपाजारचे चार लोक ऐकायचे, आणि वाचणारी कोण तर जिच्याशी लग्न ठरलंय ती. उत्तर आबा सांगणार, 'चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद', आणि लिहिणार आई. सगळा पत्रव्यवहार जावई आणि सासऱ्याचा. अक्षर मात्र एका बाजूला अण्णांचं आणि एका बाजूला आईचं.

हे मला लहानपणापासून वरवर माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते काम हातात घेतल्यावरच कळलं.

अण्णा गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांची काळी फौजी ट्रंक गावाकडच्या घरात होती, आईने कधी उघडू दिली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात वरच्या खोलीचा पत्रा बदलायचं निघालं तेव्हा तिने स्वतःच ट्रंक खाली आणायला सांगितली आणि मेणकापडात बांधलेला एक गठ्ठा काढून दिला. हा अण्णांनी जपलेला, म्हणजे आईच्या हातची पत्रं. अण्णांची पत्रं आईच्या स्वतःच्या पेटीत होती, लुगड्यांच्या घडीत, लग्नात माहेराहून तिने बाकी काही आणलं नसेल पण ती आणली. पन्नास वर्षं एकाच घरात दोन गठ्ठे दोन पेट्यांत राहिले आणि एकत्र कधी आलेच नव्हते.

बायकांनी लिहिलेली पत्रं टिकणं किती दुर्मिळ असतं हे मला नंतर वाचन केल्यावर कळलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी इंग्रजांनी वेगळं सेन्सॉर ऑफिस ठेवलं होतं, तिथे पत्रं वाचून त्यातले उतारे इंग्रजीत भाषांतर करून रिपोर्टमधे लावायचे. ते रिपोर्ट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मूळ पत्रं बहुतेक गेली. त्यात मराठी शिपाईही आहेत, पण सगळे इंग्रजीतून बोलतात, आणि घरून त्यांना काय लिहून आलं ते फारच थोडं सापडतं. शिपाई सेन्सॉरला चुकवायला आडून लिहायचे, काळी मिरी संपत आली पण लाल मिरी अजून बरीच आहे असं, म्हणजे काळी मिरी आपले लोक आणि लाल मिरी गोरे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गठ्ठ्याकडे बघायची नजर मिळाली म्हणा. अण्णांच्या पत्रांवर तर दोन पहारे होते, तिकडे पलटणीतला साहेब आणि इकडे ओसरीवरचं गाव.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी आईला विचारलं की हे कोणी वाचलेलं चालेल का, किती चालेल. हे विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण घरचे लोक पत्रं म्हणजे घराची मालमत्ता समजतात, तसं नसतं, ती लिहिणाऱ्याची असतात आणि एक लिहिणारी माझ्यासमोर जिवंत बसलेली होती. तिने दोन दिवस घेतले. मग काही पत्रं वेगळी बांधून परत पेटीत ठेवली, 'ही न्हाईत द्यायची', आणि बाकीची दिली. त्या बांधलेल्यांना मी हात लावलेला नाही, त्यांचा फोटोसुद्धा काढलेला नाही.

पत्रं बहुतेक अंतर्देशीय, निळी, तीन घड्यांची, घडीवर कागद जीर्ण होऊन फाटायला आलेला. कागदपत्रं जपायचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका बाईंकडे पुण्यात गठ्ठा घेऊन गेले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली की सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, लॅमिनेशन एकदा केलं की परत निघत नाही आणि आतला कागद आतल्या आत खराब होत राहतो. किती घरांत मी लढाईतली पत्रं आणि फौजी सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली बघितली आहेत, प्रेमापोटीच केलेलं असतं, म्हणून कळकळीने सांगतेय. टाचण्या आणि स्टेपल काढायचे, ते गंजतात. पत्र उघडून घड्या हाताने दाबायच्या नाहीत, दोन स्वच्छ टीपकागदांमधे ठेवून वर हलकं वजन ठेवायचं आणि घाई करायची नाही. कसर लागलेली पत्रं बाकीच्यांपासून वेगळी काढायची. ठेवायला ॲसिड फ्री कागदाचे फोल्डर मिळतात, थोडे महाग आहेत पण घेतले, आणि सगळे आडवे ठेवले. पावसाळ्यात काम बंद ठेवलं कारण हवेतला दमटपणा या कागदाला सोसत नाही, शाईने लिहिलेलं तर पसरतं.

स्कॅनिंग मी फ्लॅटबेड स्कॅनरवर केलं, ६०० डीपीआयला, मोबाइलने नाही. मोबाइलचा फोटो वाचायला पुरतो पण पेनाचा दाब, पुसलेलं, वरून गिरवलेलं हे दिसत नाही आणि आमच्या कामात तेच महत्त्वाचं ठरलं. पत्ता असलेली बाजू आणि आत दुमडायच्या छोट्या पट्ट्यासुद्धा सगळ्या स्कॅन केल्या. या पट्ट्यांबद्दल पुढे सांगते.

मग तारखा. अण्णांच्या पत्रांवर ठिकाण नाहीच, वर फक्त 'फील्ड' एवढंच. पोस्टाच्या शिक्क्यातही एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख, गाव नाही. पत्ता पलटणीचा नंबर आणि ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पूर्वेकडच्या पलटणींची टपाल ९९ एपीओ या नावाने कलकत्त्याच्या बेस पोस्ट ऑफिसला जायची आणि तिथून पुढे, बाकीच्यांची ५६ एपीओ म्हणून दिल्लीहून. घरच्यांना फक्त एवढं कळायचं की ५६ चं ९९ झालं म्हणजे माणूस पूर्वेला गेला. (या फौजी टपाल खात्याचं, आर्मी पोस्टल सर्व्हिसचं, ट्रेनिंग सेंटर आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे, आणि त्यांचं ब्रीद 'मेल मिलाप', मला ते फार आवडलं.)

आईच्या पत्रांवर आमच्या गावाकडचा शिक्का इतका पुसट की निम्म्यांची तारीख वाचता येत नव्हती आणि आबांना तारीख सांगायची सवय नव्हती, 'बुधवार' एवढंच असायचं. इथे एका तिकिटाने मदत केली. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले त्यांच्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं होतं, रेफ्युजी रिलीफ, ते मार्च १९७३ अखेरपर्यंत चाललं. सुरुवातीला वेगळं तिकीट तयार नव्हतं म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशाच्या तिकिटावरच रेफ्युजी रिलीफ असं छापून दिलं. म्हणजे ज्या पत्रावर ते तिकीट नाही ते १५ नोव्हेंबरच्या आधीचं आणि ज्यावर आहे ते नंतरचं, इतकं साधं. एवढ्यावर मला गठ्ठ्याचे दोन भाग पाडता आले. आईला ते तिकीट दाखवलं तर तिला लगेच आठवलं, नवराबायको आणि मुलांचं चित्र असलेलं ते तिकीट होणाऱ्या नवऱ्याच्या पत्रावर चिकटवायला तिला इतकी लाज वाटायची की ती पत्र आणि पैसे पोस्टमास्तरच्या हातात द्यायची आणि मागे वळून न बघता यायची.

लग्नानंतरची पत्रं ओळखायला पिन कोड उपयोगी पडला, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, संस्कृतचे मोठे कवी. त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा फौजेसाठी ठेवला.

टाइप करायला मी आईची मदत घेतली. माझी वाचायची गती कमी, मोडी वळणाचं काही काही अक्षर कळेना, तर ती मोठ्याने वाचणार आणि फोनवर व्हॉइस टायपिंग चालू, नंतर मी स्कॅन समोर ठेवून दुरुस्त करणार असं ठरवलं. पहिल्या दिवशी अण्णांचं ऑक्टोबरचं पत्र घेतलं. तिने खड्या आवाजात वाचलं, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, पाऊस फार, जेवण चांगले, पगारातून इतके पाठवले, मामाला विचारले आहे सांगा, 'कळावे, लोभ असावा ही विनंती', आणि थांबली. मी म्हटलं पुढे पट्टीवर लिहिलंय की. तर म्हणाली, 'ते वाचायचं नसतंय.'

पन्नास वर्षांनी ती तिथेच थांबली जिथे तेव्हा थांबायची! अण्णा मुद्दाम 'कळावे' नंतर, आत दुमडायच्या पट्टीवर, बारीक अक्षरात दोन ओळी लिहायचे आणि आबांना वाचताना आई 'कळावे' ला थांबायची. हे त्यांनी आपसात कधी ठरवलंही नव्हतं, ठरवणार कसं. पहिल्यांदा त्यांनी पट्टीवर लिहिलं होतं, 'अक्षर चांगले आहे. ओळ शेवटी खाली जाते, दिवा कमी असतो काय?' बास. ना नाव ना काही. दुसऱ्या कोणी वाचलं तर आबांच्या लेखनिकाबद्दल चौकशी.

आता याचं उत्तर बघा. आबांचं पुढचं पत्र, आबांच्या आवाजातलं, बैल आजारी, ज्वारीची पेरणी झाली, सोसायटीचं कर्ज, आणि मधेच काही संबंध नसताना एक वाक्य, 'रॉकेल आता रेशनवर वेळेवर मिळते.' मी दोन गठ्ठे वेगळे वाचत होते तोपर्यंत हे वाक्य नुसती महागाईची माहिती होती. तारखेप्रमाणे शेजारी शेजारी लावल्यावर एकदम अंगावर काटा आला. मग मला चटकच लागली. अण्णा लिहितात, इकडे पाऊस थांबत नाही, तुमच्याकडे थोडा पाठवावा म्हणतो (पलटण तेव्हा मेघालयात गारो हिल्सच्या बाजूला, आणि आमचा माणदेश तर पावसाला कायम मुकलेला). आबांच्या पत्रात उत्तर, 'विहिरीने तळ गाठला, पाठविणार असल्यास लवकर पाठवावे.' आबांना वाटलं पैशाबद्दल आहे, ते म्हणाले जावयाकडे असं मागू नये, खोड ते. पत्रात ते वाक्य खरंच खोडलेलं आहे, पण असं खोडलंय की आरपार वाचता येतं.

यातून पुढचं कोडं सुरू झालं, आबांच्या पत्रातली कोणती वाक्यं आबांची आणि कोणती आईची. मी टाइप करताना दोघांना दोन रंग द्यायचे ठरवले. आबांची वाक्यं ओळखायची खूण अशी की ते एक विषय संपला की 'असो' म्हणायचे, बैलाचं सांगून झालं, असो, कर्जाचं झालं, असो, आणि आई ते इमानदारीने लिहायची. आईची वाक्यं 'असो' च्या आधी घुसवलेली, तिथे पेन किंचित हलकं चालतं, म्हणजे घाईत लिहिलंय. स्कॅन मोठा करून बघितला की हे स्पष्ट दिसतं. शंका आली की तिला विचारायचं. ती चष्मा लावून बघायची आणि सांगायची, 'हे आबांचं. हे बी आबांचं. ह्ये... ह्ये माजं हाय, लिही.'

२ डिसेंबरचं अण्णांचं पत्र आहे. वरचा मजकूर नेहमीचा, शेवटी आबांना कळवलंय की कामे वाढली आहेत, काही दिवस पत्र न आल्यास काळजी नसावी. पट्टी कोरी. सगळ्या गठ्ठ्यात कोरी पट्टी असलेलं हे एकच पत्र. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि लढाई उघड सुरू झाली.

त्या दिवसांत अण्णा कुठे होते हे घरी कोणाला माहीत नव्हतं, मी ते आता युद्धाच्या इतिहासावरून लावलं. पलटण ९५ माउंटन ब्रिगेडमधे होती. सरहद्दीवरचं कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला पडलं, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून पहिली मराठा जमालपूरच्या मागे, दक्षिणेला, ढाक्याचा रस्ता अडवून बसली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. ९५ ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी एका गावकऱ्याच्या हाती त्यांच्या कमांडरला पत्र धाडलं, शरण या म्हणून, आणि त्याने उत्तर पाठवलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक फळी फोडून निघायला बघत होते, ते सरळ मराठ्यांवर आले, रात्रभर लढाई झाली आणि ११ ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी संध्याकाळी टांगाइलला आपली दुसरी पॅरा पलटण, म्हणजे छत्रीने उडी मारणारी फौज, विमानांतून उतरली आणि १२ ला पुंगलीच्या पुलावर पहिली मराठा त्यांना जाऊन मिळाली. ही दुसरी पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा, म्हणजे बंगालमधल्या त्या पुलावर दोन्हीकडून मराठाच भेटले. गोळीच्या पत्राची गोष्ट अण्णा आम्हाला दरवर्षी डिसेंबरात सांगायचे, त्यात त्यांना भारी अभिमान. स्वतः त्या रात्री काय केलं ते कधी सांगितलं नाही आणि पत्रातही एक शब्द नाही.

घरी काय चाललं होतं ते आईकडून ऐकलं. गावात ट्रान्झिस्टर एक-दोनच, सरपंचांच्या ओट्यावर बातम्यांना सगळं गाव जमायचं. बायका लांब उभ्या. जमालपूर हे नाव तिने बातम्यांत ऐकलं होतं आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, इतर गावांसारखं एक गाव. भीती होती ती तारेची. तार म्हणजे वाईट बातमी एवढंच समीकरण, पोस्टमन आमच्या आळीकडे वळला की लोक आपापल्या दारात उभे राहून तो कोणाकडे जातो ते बघायचे. विविध भारतीवर फौजी भाइयोंसाठी जयमाला लागायचं, त्यात जवानांची नावं सांगून गाणी लावतात, ती शेजारच्या काकूंकडे जाऊन ऐकायची, अण्णांनी कधी फर्माईश पाठवली नव्हती तरी.

आता मला सगळ्यात मोलाचं जे सापडलं ते. आईच्या हातच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र होतं, रेफ्युजी रिलीफचं तिकीट लावलेलं, शिक्का वाचता येतो, १४ डिसेंबर. आबांच्या नावाने, 'चिरंजीव यास अनेक उत्तम आशीर्वाद' ने सुरू होणारं. मी टाइप करायला घेतलं आणि रंग देताना अडले, कारण अख्ख्या पत्रात एकही 'असो' नाही. बैल नाही, कर्ज नाही, मामा नाही. पेनाचा दाब पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखा. मजकूर मी आईच्या परवानगीने देते: 'बातम्या ऐकतो. आपण कोठे आहात ते विचारीत नाही. फक्त अक्षर पाठवावे. मजकूर नसला तरी चालेल, पत्ता लिहून कोरे पाठवावे, आम्ही समजू.' पुढे आबांची सही म्हणून त्यांचं नाव.

आईला विचारलं, हे आबांनी सांगितलं होतं का. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की आबा त्या आठवड्यात बोलतच नव्हते, लिहू का विचारलं तर नको म्हणायचे, काय लिहायचं म्हणायचे. तिने अंडी विकून आलेल्या पैशातून अंतर्देशीय आणलं, गोठ्यात बसून लिहिलं आणि टाकून आली. आबांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे हे तिचं पहिलं स्वतःचं पत्र, आणि तेही बापाच्या नावाने. 'मला माज्या नावानं लिवता येत न्हवतं, मग मी आबा झाले', असं ती म्हणाली.

ते पत्र लढाई संपेपर्यंत पोचलं नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. अण्णांचं पहिलं पत्र २० तारखेचं, पेन्सिलीने, चार ओळी, मी खुशाल आहे, सर्वांना नमस्कार. पट्टीवर काही नाही, फक्त पेन्सिलीने ओढलेली एक सरळ रेघ आहे, टोकाला न वाकलेली. मी ती रेघ स्कॅनमधे पाहिली तेव्हा मला वाटलं कागद नीट आहे का बघायला ओढली असेल. आईने सांगितलं तसं नाही. 'ओळ खाली जाते' म्हणून पहिल्या पट्टीवर त्यांनी लिहिलं होतं ना, त्याचा तो जबाब, इकडे हात थरथरत नाही असं सांगायचं होतं. ही जागा मी एकटीने काम केलं असतं तर मला जन्मात कळली नसती, म्हणून म्हणते लिहिणारं माणूस आहे तोवर शेजारी बसवून घ्या.

आणि १४ तारखेच्या पत्राला उत्तर आलं ते जानेवारीत, पलटण अजून बांगलादेशातच होती, आपली फौज मार्चमधे परत आली. वरती आबांना ढाक्याची माहिती, लोक कसे रस्त्यावर येऊन हार घालत होते, मासळी स्वस्त आहे, सगळं व्यवस्थित. आणि पट्टीवर, 'मागील पत्र आबांचे नव्हते हे पहिल्या ओळीस कळले. ते पत्र मी कोणास दाखविले नाही. यापुढे असेच यावे.'

पुढे तशी अजून थोडी आली, आबांच्या नावाची पण आबांची नसलेली. त्यातलीच बरीचशी आईने बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात आहेत असा माझा अंदाज आहे.

लग्न १९७२ च्या वैशाखात झालं. त्यानंतर आई स्वतःच्या नावाने लिहायला लागली आणि खरं सांगायचं तर पत्रांचा नूर एकदम बदलतो. आता आडून बोलायची गरज नाही, आणि त्या वर्षी पाऊसच आला नाही, मोठा दुष्काळ पडला. पत्रांत मनीऑर्डर पोचल्याचं, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्याचं, रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळाल्याचं, सुकडी मिळाल्याचं, जनावरं छावणीत नेल्याचं. काही लोकांना हा भाग कमी रंजक वाटेल, माझ्या बहिणीला वाटला. मला तसं वाटत नाही. सरहद्दीवर बसलेला माणूस आणि खडी केंद्रावर बसलेली त्याची नवीन नवरी, दोघं एकमेकांना आपण किती दमलोय ते न सांगण्याची धडपड करतायत, ते वाचताना मला लढाईच्या पत्रांपेक्षा जास्त रडू आलं.

सध्या माझं काम या दुष्काळाच्या पत्रांवर चालू आहे. आतापर्यंतचं सगळं दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत भावाकडे अशी ठेवली आहे, मूळ कागद आईजवळच आहेत, कारण तिला ते डोळ्यासमोर हवेत. दोन रंगांत टाइप केलेल्या मजकुराची प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून नातवंडांना एकेक दिली. आईने तिची प्रत पेन घेऊन तपासली, तीन ठिकाणी माझा रंग बदलायला लावला, तिथे मी तिची वाक्यं आबांच्या खात्यावर टाकली होती. चुलत्यांच्या घरी १९६५ च्या लढाईतली पत्रं आहेत असं आता कळलंय, त्यात काकूंची बाजू आहे का ते बघायला दिवाळीत गावी गेल्यावर जाणार आहे, काकूंना तसा निरोपही दिलाय की माझ्या येण्याआधी काही टाकू नका आणि लॅमिनेशन तर कुणाला करू देऊ नका.